फंडाचं लॉन्स

आमच्या यांच्या रिटायरमेंटला वर्ष राहिलं आणि कॉलनीतली जी माणसं एरवी जिन्यात भेटली तरी मान वळवायची, तीही "वहिनी, चहा टाका" म्हणत घरात येऊ लागली. एक जण विमा घेऊन आला, एक जण प्लॉटचा नकाशा घेऊन आला. एक लांबचा भाचा उगवला, तो म्हणे शेअर बाजारात पैसे दुप्पट करून देतो. सगळ्यांना आमच्या म्हातारपणाची काळजी! एवढी काळजी आम्हाला स्वतःलाही नव्हती. मी चहा करून करून कंटाळले. शेवटी साखर कमी टाकायला लागले, तेव्हा कुठे गर्दी ओसरली.

हे एकलहऱ्याला वीज केंद्रात, बॉयलरच्या कंट्रोल रूममध्ये. उभी हयात शिफ्टमध्ये गेली. लोकांना वाटतं, वीजवाले म्हणजे भरभक्कम पेन्शन. कसली पेन्शन हो! आम्हाला दरमहा जे मिळणार त्यात दूध आणि गॅस निघाला तरी देव पावला. जे काय ते फंडाचं आणि ग्रॅच्युइटीचं. ते एकदाच हातात यायचं आणि त्याच्यावरच पुढचं सगळं काढायचं. एकदा चुकलं की चुकलं, पुन्हा पगार यायचा नाही.

मला मात्र काय हवंय ते पक्कं ठाऊक होतं. माझं माहेर नाशिकच्या शिवेवरचं, फुलांची शेती. वडील होते तोवर आई स्वतः फुलबाजारात बसायची. कमरेला पिशवी, आणि तिच्यातले पैसे तिचे. वडील गेले, आईचे गुडघे गेले आणि बाजार भावांच्या हातात गेला. भाऊ वाईट नाहीत, आईला जिवापाड जपतात. पण दवाखान्याच्या रिक्षासाठी सुद्धा ती ओट्यावरून हाक मारते, "बाबा, जरा पैसं दे रं. लय नाय." आणि भाऊ खिशात हात घालता घालता सहज विचारतो, "कशाला गं?" देतो हो, नाही म्हणत नाही. पण ज्या बाईनं व्यापाऱ्यांना घाम फोडला, तिनं पोराला सांगत बसायचं की गुडघ्याचं मलम संपलंय! मला ते ऐकवत नाही. तेव्हाच मी ठरवलं होतं, जे मिळेल त्याचं दरमहा व्याज येईल असं काहीतरी करायचं आणि त्यातलं थोडं माझ्या नावानं. थोडंच. पण माझं.

हे यांना सांगायचा मुहूर्त मी शोधत होते, तेवढ्यात यांनीच बॉम्ब टाकला. पहिल्या शिफ्टवरून आले, हातपाय धुतले, ताटावर बसले आणि भाकरी मोडता मोडता म्हणाले, "आम्ही लॉन्स काढतोय."

नाशिकमध्ये लॉन्स म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. हिरवळ, स्टेज, दोन कारंजी आणि हजार खुर्च्या. लग्नसराईत इथे लॉन्सशिवाय पोरीचा बाप उभा राहत नाही. पण ते बांधणारे आमदार-बिल्डर लोक. हे तर घरात पडदा लावायचा तरी मिस्त्री बोलावतात.

"आम्ही म्हणजे कोण?" मी विचारलं.

"मी, सिन्नरकर आणि घोटीकर."

हे दोघं यांच्याच शिफ्टमधले, यांच्याच मागेपुढे रिटायर होणारे. मी त्यांना त्यांच्या गावावरूनच ओळखते, सिन्नरचे भाऊजी आणि घोटीचे भाऊजी. घोटीच्या भाऊजींच्या मेव्हण्याची हायवेपासून आत भातशेती होती, ती घ्यायची ठरली होती.

"आणि त्यात घालायचे किती?"

"सगळे," हे म्हणाले. "थोडक्यात असं काही होत नाही."

माझ्या हातातली पळी तशीच राहिली. सगळे! मी म्हटलं, "अहो, आणि आपण खायचं काय? कारंज्याचं पाणी?"

"आता शब्द गेलाय," एवढंच म्हणाले आणि आमटी ओरपायला लागले.

आता हा शब्द म्हणजे काय प्रकार आहे ते कळायला या लोकांचं काम कळायला हवं. शिफ्ट बदलताना एक जण दुसऱ्याला चार्ज देतो. म्हणजे जाणारा तोंडी सांगतो, हा पंप बंद आहे, त्या व्हॉल्व्हवर लक्ष ठेव, अमुक ठिकाणी तापमान चढतंय. येणारा ऐकतो, मान डोलावतो आणि खुर्चीत बसतो. "नक्की ना?" असं विचारत नाहीत. विचारलं तर समोरच्याचा अपमान होतो. यांचं आख्खं आयुष्य असं दुसऱ्याच्या सांगण्यावर भरवसा ठेवून गेलं, आणि त्या भरवशावरच तिथली माणसं धडधाकट घरी आली. मला त्याचा अभिमान आहे. पण बॉयलर वेगळा आणि लॉन्स वेगळं, हे कोणी सांगावं?

मी सांगून पाहिलं. आधी गोडीत, मग तिखटात. भांडी आपटून झाली, अबोला धरून झाला. अबोल्याचा तर काही उपयोगच नाही. शिफ्टवाल्या माणसाला घरात शांतता असली की बरंच वाटतं.

एक दिवस म्हणाले, "चल, जागा तरी बघ." मोटरसायकलवर मागे बसून गेले. घोटीच्या अलीकडे आत वळलो. आषाढ सरत आलेला, आजूबाजूला सगळीकडे भाताची लावणी चाललेली, बाया ओणव्या होऊन चिखलात. ती एकच जागा तेवढी रिकामी. पाणी साचलेलं, त्यात चार बगळे. हे बांधावर उभे राहून दाखवू लागले, इथे स्टेज, तिथे जेवणाचा मंडप. बोलत होते, पण आवाजात काही दम नव्हता. चहाच्या टपरीवर बॉयलरची एखादी गंमत सांगताना या माणसाचे दोन्ही हात नाचतात. इथे हात खिशात. मी म्हटलं, "नवरदेव चिखलातून येणार का?" तर चिडले पण नाहीत. नुसतं "बघू" म्हणाले.

त्यानंतर मी लक्ष ठेवलं. रात्रपाळी करून आलेला हा माणूस, बँडवाले दारात वाजवून गेले तरी उठत नाही अशी याची झोप. आता भर दुपारी डोळे उघडे ठेवून पंख्याकडे बघत पडलेला. मी विचारलं, "झोप नाही का लागत?" तर म्हणाले, "ऊन आहे." पावसाळ्यात!

तेव्हा माझ्या लक्षात आलं की यालाही हे मनापासून नकोय. आणि मला राग यायचा तो गेला, भीतीच वाटायला लागली. कारण भांडणाऱ्या माणसाला वळवता येतं. जो मनातून नको म्हणतोय आणि तरी निघालाय, त्याला कसं थांबवायचं? इसार द्यायचा सोमवार ठरला होता. त्यासाठी तिघं फंडातून थोडे आधीच उचलणार होते. एकदा तो इसार गेला असता तर बाकीचे पैसे त्याच्या मागोमाग गेले असते.

शनिवारी तिघांची सुट्टी एकत्र आली. मी म्हटलं, दोघा भाऊजींना जेवायला बोलवा. यांना वाटलं, बायको वठणीवर आली. मी वांग्याचं भरीत केलं, काळ्या मसाल्याची शेवभाजी केली, बाजरीच्या भाकऱ्या थापल्या. माणूस भरल्या पोटी खरं बोलतो, हा माझा अनुभव आहे, निदान या तिघांच्या बाबतीत. सिन्नरच्या भाऊजींनी नेहमीसारखी शेवभाजी दोनदा मागून घेतली नाही, हे मी पाहिलं. घोटीचे भाऊजी तर ताटात बोटानं रेघा ओढत होते. लॉन्स काढायला निघालेली ही तीन माणसं, आणि चेहरे बघावेत तर दहाव्याला आल्यासारखे.

हात धुऊन झाले, सुपारी झाली. मग मी समोर स्टूल ओढून बसले आणि सरळ विचारलं, "भाऊजी, मला एक सांगा. हे लॉन्स मुळात कोणाच्या डोक्यातून निघालं?"

"यांच्याच," सिन्नरचे भाऊजी आमच्या यांच्याकडे बोट दाखवून म्हणाले.

"माझ्या?" हे ताडकन उठूनच बसले. "अरे, मला तर घोटीकरनं सांगितलं. चार्ज देताना म्हणाला, सिन्नरकरचं लॉन्सचं पक्कं आहे, मी मेव्हण्याला जागेचं विचारलंय."

"पक्कं नाही तर काय?" घोटीचे भाऊजी म्हणाले. "सिन्नरकरच म्हणाला मला, आपण तिघं मिळून लॉन्स काढू. मला वाटलं तुमचं दोघांचं ठरलंय. आता दोघं निघालेत तर आपण मागं कसं राहायचं? म्हणून मेव्हण्याला विचारलं."

सगळे सिन्नरच्या भाऊजींकडे बघायला लागलो. त्यांनी डोक्याला हात लावला. "अरे देवा! त्या पुतणीच्या लग्नात त्या लॉन्सवाल्यानं वेगळं पार्किंगचं बिल लावलं ना, तेव्हा मी चिडून बोललो होतो रे! म्हटलं, नोकरी करून काय मिळवलं, यापेक्षा आपण तिघांनी लॉन्स काढलं असतं! ते गमतीत! आणि आठवड्यानं हा घोटीकर येऊन म्हणतो, यांनी मनावर घेतलंय, जागा पण मिळाली. मी म्हटलं, बापरे, ही दोघं तर पेटलीत. आता मी नाही म्हटलं तर दगा दिल्यासारखं व्हायचं."

मी हळूच विचारलं, "म्हणजे तिघांपैकी नक्की हवंय कोणाला?"

आमचे हे, आयुष्यात पहिल्यांदा दोस्तांसमोर माझी बाजू घेत म्हणाले, "मला नकोय बाबा. मला झोप नाही लागत."

"मला पण," सिन्नरचे भाऊजी म्हणाले. "घरात अजून सांगितलंच नाहीये मी. ती जीव घेईल."

घोटीच्या भाऊजींचा चेहरा मात्र अजून उतरलेलाच. "तुमचं ठीक आहे. मेव्हण्याला शब्द मी दिलाय. तो थांबलाय माझ्यासाठी. त्याला काय तोंड दाखवू?"

"आधी फोन तर दाखवा," मी म्हटलं. "लावा इथूनच. आत्ताच." मला भीती, हा माणूस घरी गेला तर पुन्हा त्याच्या मनात शब्दाचं भूत शिरेल.

त्यांनी फोन लावला, आवाज मोठा केला. बिचारे चाचरत, "पाव्हणं, ते जागेचं... आमचं जरा... म्हणजे यंदा नको असं..." असं काहीतरी बोलले. इतकं जुळून आलेलं, आणि हा माणूस भडकला तर हे तिघं पुन्हा भिडेखातर सोमवारी इसार घेऊन जाणार, मला माहीत होतं.

आणि मग पलीकडून असा आवाज फुटला, "लय बरं झालं दाजी! लय बरं झालं! अवो, तुमचा शब्द मोडायचा कसा म्हणून मी लावणी थांबवली व्हती. रोपं पिवळी पडाय लागली माझी! बायको रोज शिव्या घालती. उद्याच लावतो!"

त्यापुढे काय विचारता! सिन्नरचे भाऊजी हसता हसता सोफ्यावरून खाली आले. घोटीचे भाऊजी डोळे पुसत होते, हसून की सुटून कोण जाणे. हे माझ्याकडे बघून नुसतं "अगं... अगं..." करत होते. आणि मी? मी स्वयंपाकघरात गेले, ओट्याला धरून उभी राहिले आणि ढसाढसा रडले. असा जीव भांड्यात पडलेला मला आठवत नाही, अगदी पोरीच्या बारावीच्या निकालाला सुद्धा नाही. बाहेर तिघांनी उरलेली शेवभाजी मागितली. पुन्हा गरम करून वाढली.

त्याच संध्याकाळी मी यांना माझं म्हणणं सांगितलं. एका वाक्यात मान्य झालं. झोप परत आलेल्या माणसाकडून काहीही मान्य करून घेता येतं. रिटायर झाल्यावर निम्मं ज्येष्ठांच्या योजनेत यांच्या नावानं ठेवलं, त्याचं व्याज दर तीन महिन्यांनी, आणि उरलेल्याचं दरमहा व्याज येणारं पोस्टाचं खातं काढलं. थोडं माझ्या नावानं, एवढीच माझी मागणी होती. पण खिडकीतल्या मॅडमनी "पहिलं नाव कोणाचं?" विचारलं, तेव्हा यांनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "हिचंच. हिशोब हीच बघते."

क्वार्टर सोडून आम्ही जेल रोडला आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आलो. पहिलं व्याज जमा झालं, मी जाऊन काढून आणलं, कपाटात ठेवलं. काय सांगू, दिवसभर उगीचच कपाट उघडून बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे कपडे करून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. किल्ली हातातल्या हातात फिरवत. मग म्हणाले, "अगं, जरा दोनशे देतेस का? ते दोघं येतायत, मिसळ खायला जाऊ म्हणतोय. जास्त नाही बसणार. आणि गाडीत पेट्रोल पण बघायचंय."

मी काही विचारलंच नव्हतं. तरी सगळं सांगत होते. महिन्याचा पगार न मोजता माझ्या हातावर ठेवणारा हा माणूस, माझ्याच दारात उभा राहून कारणं देत होता. मला ओट्यावरून हाक मारणारी आई दिसली आणि पोळी तव्यावर करपली.

मी गॅस बंद केला. कपाट उघडलं, होते ते सगळे पैसे काढले, पलंगावर दोन ढीग केले आणि एक यांच्या हातात कोंबला. म्हटलं, "हे तुमचे. संपले तर संपले. काय केलं, कुठे गेले, मला एक अक्षर सांगायचं नाही. सांगितलंत तर बघा!"

हे पैशांकडे बघत राहिले. "आणि ते दुसरे?"

"ते माझे," मी म्हटलं. "त्यांचं मी काय करणार, ते तुम्ही विचारायचं नाही."

"नाही विचारत बाई," हे म्हणाले. चपला घातल्या, दार उघडलं आणि तिथेच थांबून म्हणाले, "मग तू पण चल की मिसळ खायला. तुझे तू दे."