दशपर्णी अर्क आणि जे. पी. नगरची गॅसगळती

निपाणी स्टँडवर सकाळच्या बंगळूर बसमध्ये चढताना कंडक्टरने माझ्या हातातल्या मोठ्या कॅनकडे बोट केलं. "काकवी काय?"

"औषध आहे."

"कुणाला बरं नाही?" त्याचा आवाज एकदम मऊ झाला.

"बहिणीच्या वांग्यांना."

त्याने तिकीट फाडलं.

कॅनमध्ये दशपर्णी अर्क होता. कडुनिंब, सीताफळ, करंज, निरगुडी, पपई असा दहा झाडांचा पाला शेण-गोमूत्रात मिरची-लसणासकट महिनाभर कुजवायचा, गाळायचा आणि पाण्यात मिसळून फवारायचा. माझ्या मळ्यात मी दुसरं औषध वापरत नाही. माझी थोरली बहीण, अक्का, जे. पी. नगरमधल्या एका अपार्टमेंटमध्ये अगदी वरच्या मजल्यावर एकटी राहते. भावोजी गेल्यापासून गच्चीतल्या कुंड्या हाच तिचा संसार. वांग्यांवर पिठ्या ढेकूण (कापसाच्या बोळ्यासारखी दिसणारी, रस शोषणारी कीड) पडला आणि तिथून उतरून खालच्या मजल्यावरच्या हेब्बारांच्या जास्वंदीवर गेला. हेब्बार सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांनी निर्णय दिला होता, रविवारपर्यंत किडे जातील, नाहीतर कुंड्या.

"विष मारायला सांगतात रे," अक्का फोनवर म्हणाली होती. "खाणार कोण ते? आणि कुंड्या गेल्या तर दिवसभर मी बोलू कुणाशी?"

म्हणून मी निघालो होतो.

हावेरी मागे पडल्यावर उन्हाने कॅन पुरीसारखा टम्म फुगला. फुटू नये म्हणून मी झाकण जरा सैल केलं. फुस्स! पुढच्या बाईंनी पदर नाकाला लावला, मागचे सगळे पुढे सरकले. ड्रायव्हरने गाडी कडेला घेतली आणि ब्रेक जळाला म्हणून बसखाली शिरला. बाहेर आल्यावर त्याने कॅन पाहिला, मला पाहिलं, आणि डिकी उघडली. दावणगिरीला लोण्यात न्हालेला बेण्णे दोसे (लोणी डोसा) खाताना माझ्या टेबलावर दुसरं कुणी बसलं नाही. डोसा मात्र असा, की मी आणखी एक मागवला.

बंगळूरला उतरलो तेव्हा दिवेलागण झाली होती. रिक्षावाल्याने डोकं बाहेर काढूनच जे. पी. नगर गाठलं.

अक्काने उरल्यासुरल्या वांग्यांचा वांगीबात केला होता. कॅन दाराबाहेर ठेवून, झाकण सैल करून मी पानावर बसलो. दोन घास पोटात गेले असतील-नसतील, खाली आरडाओरडा झाला, "ग्यास लीक! यल्लारू केळगे बन्नी!" (सगळे खाली या!)

जीव वाचवताना माणूस मोलाची वस्तू उचलतो. अक्काने भावोजींचा फोटो घेतला, मी कॅन घेतला.

खाली कुणी पासपोर्ट धरून उभं होतं, कुणी पोपटाचा पिंजरा. एक गृहस्थ अर्धी दाढी करून आले होते. लुंगीतले हेब्बार भोंग्यावरून सगळ्यांना शिस्तीत बागेत नेत होते. मीही गेलो. तिथे पोचताच ते ओरडले, "इथंही वास! गेटकडे चला!" सगळे गेटकडे गेले. कॅन घेऊन मी मधोमध. गेटवरही तोच वास. मग सगळा जमाव फूटपाथवर आला आणि हेब्बारांचा आवाज कापरा झाला, "अख्ख्या जे. पी. नगरचीच लाइन फुटली वाटतं!"

लोक घाबरले. मीही घाबरलो, मला लसणाच्या वासापलीकडे काही कळत नव्हतं. शेवटी अर्ध्या दाढीचे गृहस्थ हुंगत हुंगत माझ्यापर्यंत आले आणि थांबले. सगळे वळले.

अक्का पुढे झाली. "अहो, हा गॅस नाही," ती म्हणाली, "हा माझा भाऊ आहे."

खुलासा व्हायला बराच वेळ लागला. हेब्बारांनी पहिली परीक्षा आपल्या जास्वंदीवर घ्यायचं फर्मान काढलं. दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत पंप घेऊन मी त्यांच्या बाल्कनीत उभा राहिलो. दारात अर्धी बिल्डिंग. फवारलं, तर थेंब किड्यांवरून अळवाच्या पानावरून ओघळावेत तसे घसरून गेले. त्या किडीच्या अंगावर मेणाचं कवच असतं, आणि माझ्या मळ्यात ती कधी आलीच नव्हती. हेब्बारांनी नुसतं वर, अक्काच्या गच्चीकडे बघितलं.

"स्वल्प थांब, बाळू," अक्का म्हणाली. तिने रेशमी साड्या धुवायला ठेवलेले रिठे आणले, उकळून फेसाळ पाणी केलं आणि अर्कात ओतलं. या वेळी पाणी चिकटून बसलं.

रविवारपर्यंत रोज फवारणी झाली. हेब्बार देवाला लसणाच्या वासाची फुलं वाहत आणि हात जोडून म्हणत, "स्वल्प अडजस्ट माडी." (जरा सांभाळून घ्या.) रोज कुणीतरी भिंग घेऊन यायचं. पोपटवाल्या बाई जाता-जाता अक्काकडे कॉफी प्यायला थांबू लागल्या. रविवारी हेब्बारांनी फांदीवरून बोट फिरवलं. वाळलेले किडे भुशासारखे झडले. सगळे गेले नव्हते, पण नवी पालवी स्वच्छ होती. सभेत ठराव झाला, कुंड्या राहतील.

परतीच्या दिवशी हेब्बार मला गाडीने स्टँडवर सोडायला आले. वाटभर त्यांची एकच चौकशी, पुढची फवारणी कधी?

शहरात माणूस माणसाला ओळखत नाही, असं मी गावी कित्येकदा ऐकलंय. मी नुसतंच हो म्हणायचो. आता म्हणणार नाही. खिडकीशी बसून मी अक्काला फोन लावला. दर वेळी माझी बस हलेपर्यंत डोळे पुसत उभी राहणारी अक्का या वेळी आलीच नव्हती.

"सरी सरी, बरं, पोचल्यावर फोन कर रे," ती घाईघाईने म्हणाली. "आता ठेवते. घरात माणसं आलीत."