पूर्वभागातला रुंद ळ

सोमवारी फॉन्ट प्रसिद्ध करायचा होता. शुक्रवारी सकाळी मी स्वारगेटहून सोलापूरची एसटी पकडली.

फॉन्टचं नाव 'पूर्वभाग'. सोलापूरच्या ज्या भागात दिवसभर यंत्रमाग चालतात, त्या भागाचं नाव. अक्षरं जाड, चौकोनी. गोलाईच्या जागी पायऱ्या. ती परिच्छेदासाठी नाहीत. पाट्या, खोकी, मथळे यांच्यासाठी आहेत. मूळ माझं नाही. मल्लेशम मास्तरांनी चादरींवर नावं विणता यावीत म्हणून चाळीस वर्षं आलेखाच्या कागदावर अक्षरं रंगवली. एक घर म्हणजे एक धागा. त्यांच्या मुलीने, अनसूयाताईंनी, ते कागद मला दिले. त्यांवरून मी दोन वर्षं काम केलं. फॉन्टसोबत मास्तरांचं नाव लावू का, असं विचारलं तेव्हा निरोप आला, "कापडावर बघून सांगतो." त्यांचं नाव नसेल तर फॉन्टही नाही, हे मी ठरवून टाकलं होतं.

रस्ता चांगला आहे. पाच तास लागतात, तिकीट चारशेच्या आसपास. टेंभुर्णीला गाडी चहासाठी थांबली. शेजारी सांगोल्याच्या डाळिंबांनी भरलेला टेम्पो उभा होता. खोक्यांवर 'डाळिंब' हा शब्द होता, पूर्वभागमध्ये. तिथल्या बागायतदारांना मी चाचणीसाठी फॉन्ट दिला होता, पण तो रस्त्यावर पहिल्यांदाच पाहत होते.

टेम्पोवाल्याला विचारलं, "अक्षर कसं वाटतं?"

"लांबनं दिसतं की. मार्केटात सगळ्यांची खोकी सारकीच. आमची हुडकाय लागत न्हाईत." मग संशयाने, "का? तुमी कोन?"

"अक्षर मी काढलंय."

"खोक्यावरचं? ह्येचं बी काम असतंय व्हय?"

असतं. मी फोटो काढला. त्या शब्दातल्या ळ वर माझा विशेष जीव होता. दोन पोटं, म्हणजे आतल्या मोकळ्या जागा, दोन्ही सारखी, सगळं इतर अक्षरांएवढ्याच चौरसात बसवलेलं.

सोलापुरात उतरल्यावर आधी जेवा. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. एका माणसाचं सव्वाशेत होतं. मग रिक्षाने पूर्व भागात. आठवड्यातून एक दिवस माग बंद असतात, विचारून जा.

अनसूयाताईंनी माझी मुळाक्षरं हातभर चादरीत विणून ठेवली होती. पांढऱ्यावर मरून. मी पाहतच राहिले. दोन वर्षं पडद्यावर होतं ते आता हाताला लागत होतं.

मास्तर बाजेवर बसले होते. त्यांनी तुकडा घेतला आणि उलटा केला. सोलापुरी चादरीला पाठीकडून रंग पालटतात: मरूनवर पांढरं, आरशात दिसावं तसं.

"समोरनं बघा ना, मास्तर."

"समोरनं सगळेच चांगले दिसतात." बोट सरकत सरकत ळ वर थांबलं. "हे काय बांधलंय? ह्यानं श्वास कुठनं घ्यायचा? पुण्यात जागा लई महाग झाली काय?"

अनसूयाताई तोंडावर पदर धरून हसल्या.

मी वाकून पाहिलं. ळ ची दोन्ही पोटं बुजली होती. उरला होता एक पांढरा ठोकळा.

"आत दोन घरं सोडलीत मी," मी म्हणाले.

"सूत फुगतंय. धुतल्यावर अजून. दोन सोडली की एक बी उरत नाही. तीन पाहिजेत."

"मग अक्षर रुंद होईल. सगळी एकाच मापात आहेत."

"घरातली माणसं एका मापाची असतात काय? माझा कागद काढ."

कागद माझ्या पिशवीतच होता. त्यावरचा ळ इतरांपेक्षा दोन घरं रुंद होता. तो मी दोन वर्षांपूर्वीच पाहिला होता. हाताची चूक समजून मी तो नीट केला होता.

हे मी त्यांना सांगितलं. मास्तर कागद मांडीवर ठेवून त्यावरून तळवा फिरवत राहिले.

संध्याकाळी लॉजवर ळ रुंद केला. चौरस मोडला. मग ष आणि क्ष तपासले, त्यांनाही एकेक घर दिलं आणि नवा आराखडा रात्रीच अनसूयाताईंना पाठवला. (लॉज स्टेशनजवळ, स्वच्छ, सातशे रुपये. खिडकी मागच्या बाजूची मागा.)

शनिवारी सकाळी दुसरा तुकडा मागावरून उतरला. मास्तरांनी तो समोरून पाहिलाच नाही. उलटा केला, ळ च्या पोटावर अंगठ्याचं नख टेकवलं, दुसऱ्या पोटावर टेकवलं. मग पुन्हा पहिल्यापासून, अ पासून, सगळी अक्षरं. मागांच्या आवाजात मला माझाही श्वास ऐकू येत नव्हता. शेवटी ते मुलीला तेलुगूत काहीतरी म्हणाले.

"नाव लावा म्हणतायत," अनसूयाताई म्हणाल्या. "पण जाड लावा. लांबनं दिसलं पाहिजे."

तुकडा मला मिळाला नाही. तो त्यांनी घडी करून उशाखाली ठेवला. मी दुकानातून चादर विकत घेतली आणि दुपारची गाडी धरली. टेंभुर्णीला उतरून चहा घेतला. टेम्पो नव्हता. सांगोल्याला नवी फाइल तिथूनच पाठवली.

सोमवारी पूर्वभाग प्रसिद्ध झाला. पहिलं नाव मल्लेशम मास्तरांचं, त्यांच्याच अक्षरांत, सगळ्यात जाड. खाली माझं.

चादर घरी अंथरली आहे. येणारा प्रत्येक जण सांगतो की ती उलटी पडली आहे. मी ती तशीच ठेवते.