मेलेल्यांचा खेळ खेळणारी अंबिका

नवघरच्या अंबिका म्हात्रेला घाबरायला कारण लागत नसे. लिफ्ट मध्येच अडकेल म्हणून ती जिन्याने जायची. कुकरची शिट्टी व्हायच्या बेतात आली की ओट्यापासून लांब सरकायची. लहानपणी बाप मिठागरावर असायचा आणि त्याची भाकरी पोचवायला तिला खाडीच्या बांधावरून जावं लागे. पाण्यात गिऱ्हा असतो, तो ओळखीच्या माणसाच्या आवाजात हाक मारतो आणि ओ दिली की ओढून नेतो, असं आजीने तिच्या मनात भरून ठेवलेलं. त्यामुळे बापाने लांबून हाक मारली तरी अंबिका ओ द्यायची नाही. भाकरी बांधावर ठेवून धूम पळत सुटायची. बाप रोज शिव्या घालायचा.

पुढे मिठागरं गेली, शेतं गेली, तिथे इमारती उभ्या राहिल्या. म्हात्र्यांना जमिनीच्या बदल्यात दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. नवरा जितेंद्र याचं स्पेअर पार्ट्सचं दुकान होतं, सान्वी ही एकुलती एक मुलगी. पन्नाशी उलटली तरी अंबिकाची भीती काही गेली नाही, उलट दाराला कड्या वाढल्या.

अशी बाई मेलेल्या माणसांचा खेळ खेळायला लागली, हे शेजारीपाजारी कुणाला सांगून पटलं नसतं.

झालं असं की सान्वी स्कूटीवरून पडली आणि तिचं मनगट प्लॅस्टरमध्ये गेलं. नेमका त्याच वेळी तिचा आवडता व्हिडिओ गेम अर्ध्यावर आलेला. एका हाताने तो खेळता येईना, म्हणून तिने रिमोटसारखं ते यंत्र आईच्या हातात दिलं.

"तू फक्त बटणं दाब. मी सांगते तसं."

"मला नको गो बाय ते मेलेल्यांचं."

"आई, प्लीज. बोअर होतंय मला."

खेळ इंग्रजीत होता. सान्वी अर्थ सांगायची. जगभर कसलीशी साथ आलेली, मेलेली माणसं उठून जिवंतांना चावत सुटलेली, आणि नदीकाठच्या एका शाळेत काही माणसं गेट लावून जीव मुठीत धरून राहिलेली. अंबिका किंचाळायची, उशी तोंडावर घ्यायची, पण बटण सोडायची नाही. खेळातल्या एका म्हाताऱ्या शिपायाचा चेहरा तिला तिच्या राघोमामासारखा वाटला, म्हणून ती त्याला मामाच म्हणायला लागली.

धावणं आणि लपणं तिला हळूहळू जमलं. जमेना ते निवडणं. मध्येच खेळ थांबायचा आणि विचारायचा, हे करू का ते? खाली एक पांढरी रेघ सरसर आखूड होत जायची. ती संपायच्या आत बटण दाबायचं. एकदा राघोमामा खाणं शोधायला बाहेर गेला आणि परत आला तो मागे मेलेल्यांचा घोळका घेऊनच. तो गेट बडवायला लागला. उघडायचं की नाही?

"दाब आई! उघड!" सान्वी ओरडली.

अंबिकाचा अंगठा तसाच राहिला. रेघ संपली. गेट बंदच राहिलं आणि बाहेर जे व्हायचं ते झालं.

"मी कुठे काय केलं? मी काहीच दाबलं नाही," अंबिका रडकुंडीला येऊन म्हणाली.

"काहीच न दाबणं ही पण निवडच धरतात, आई. आता आतली सगळी माणसं ते लक्षात ठेवणार."

आणि खरंच, त्यानंतर शाळेतली माणसं तिच्याशी नीट बोलेनात. अंबिकाला त्या रात्री जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने हट्टाने तो भाग पुन्हा खेळायला घेतला आणि गेट उघडलं. राघोमामा आत आला. पण त्याच्या बाहीखाली चावा होता. तो त्याने लपवला, आणि सकाळपर्यंत तोच मेलेला होऊन उठला आणि एका लहान मुलीवर धावला.

"मग बरोबर काय होतं?" अंबिकाने विचारलं.

"बरोबर असं नसतंच काही. तीच तर मजा आहे."

"ही कसली गो मजा?"

सान्वीचा हात बरा झाला. पुढे नोकरी लागून ती हैदराबादला गेली, यंत्र मात्र घरीच राहिलं. जितेंद्रला वाटलं, आता ते माळ्यावर जाईल. पण दुपारी भांडी आवरली की अंबिका सगळे दिवे लावून, बाल्कनीचं दार उघडं टाकून खेळायला बसायची. "घाबरतेस तर खेळतेस कशाला?" तो हसायचा. तिला सांगता यायचं नाही. फारच छाती धडधडली की त्या खेळात एक बटण दाबून सगळं थांबवता यायचं. एवढी सोय तिला जन्मात दुसरीकडे कुठे मिळाली नव्हती.

त्या दिवशी सकाळी जितेंद्र दुकानात गेलेला. अंबिका तांदूळ निवडत बसली होती. खाली रस्त्यावर गलका झाला. आधी वाटलं भांडण असेल. मग एक बाई किंचाळली आणि पाठोपाठ धडाधड दारं आपटल्याचे आवाज जिन्यातून वर यायला लागले. कुणीतरी ओरडत होतं, "बिबट्या! बिल्डिंगमध्ये घुसला! दरवाजे बंद करा!"

अंबिकाच्या हातातलं ताट खाली पडलं. तिने धावत जाऊन होत्या नव्हत्या तेवढ्या कड्या लावल्या. शेवटची कडी लावते न लावते तोच दारावर थापा पडल्या.

"अंबिकाबेन! दरवाजा खोलो! जल्दी!"

समोरच्या फ्लॅटमधली हिनाबेन. कचऱ्याची बादली ठेवायला ती बाहेर आली होती आणि वाऱ्याने तिचं दार आपोआप लागलं होतं. किल्ली आत. अंबिकाचं आणि तिचं गेल्या वर्षापासून बोलणं नव्हतं, बाल्कनीत सुकत घातलेल्या बोंबलांवरून. पण अंबिकाने दाराच्या भिंगातून तिचा पांढराफटक चेहरा बघितला आणि विचार करायच्या आतच कड्या काढल्या. हिनाबेन आत कोसळली. दार पुन्हा बंद झालं.

दोघी सोफ्याच्या मागे जमिनीवर बसल्या. सगळी इमारत चिडीचूप झालेली. मग जिन्यात खालच्या वळणावर काहीतरी धप्पकन पडलं, एक भयंकर आरोळी उठली, आणि तिच्या पाठोपाठ गुरगुर ऐकू आली. असा आवाज अंबिकाने आयुष्यात ऐकला नव्हता. पोटातून येणारा, लाकूड कापल्यासारखा. जड काहीतरी तिच्या दारासमोरून वर गेलं. पावलांचा आवाज नव्हता. फरशीवर नखं मात्र वाजली.

हिनाबेनने तोंडात ओढणी कोंबली होती.

थोड्या वेळाने दारावर खालच्या बाजूला खरखर झाली. कुणी थाप मारत नव्हतं, ओरखडत होतं. अंबिका रांगत दारापाशी गेली, उभी राहिली आणि भिंगाला डोळा लावला. समोर कुणीच नव्हतं. रिकामा पॅसेज, हिनाबेनची बादली. खरखर मात्र चालूच, तिच्या पायांच्या जवळून.

"अंबिके... दार उघर गो... वाघ हाय..."

आवाज ओळखीचा होता. उत्तनची हौसाबाई, पाटी घेऊन दारोदार मासळी विकणारी. पण अंबिकाच्या अंगावर सर्रकन काटा आला. दिसत कुणी नाही आणि ओळखीच्या आवाजात हाक येतेय. ती पन्नाशीची बाई क्षणभर खाडीच्या बांधावरची पोर झाली. तिला ओसुद्धा देववेना.

"मत खोलो," हिनाबेन मागून कुजबुजली. ती कधी उठून आली कळलंच नाही. तिने आतल्या कडीवर हात घट्ट दाबून धरला होता. "मच्छीवाली है ना? उसके पास मच्छी है, अंबिकाबेन. खून भी होगा. उसकी बास से वो सीधा इधर आएगा. हम तीनों मरेंगे."

"वो मर जाएगी."

"सोसायटीवाले आएंगे. फॉरेस्टवाले आएंगे. हम क्या कर सकते हैं?"

ती खोटं बोलत नव्हती. अंबिकालाही मनातून तेच म्हणायचं होतं, आणि दुसऱ्याच कुणीतरी ते म्हटलं याचं तिला बरंच वाटलं. ती हिनाबेनच्या हाताकडे नुसती बघत राहिली. बाहेर हौसाबाई कण्हत होती. "उघर गो... ए अंबिके..." मग नुसतंच "आये, आये." दाराच्या फटीखालून लाल ओघळ आत आला आणि फरशीवर सांडलेल्या तांदळाच्या दाण्यांपर्यंत पोचला. इथे रेघ नव्हती, काही आखूड होत नव्हतं. किती वेळ उरलाय हे सांगणारं कुणी नव्हतं. अशी ती किती वेळ उभी राहिली, ते तिला पुढे कधीच सांगता आलं नाही.

मग कण्हणं थांबलं.

ते थांबल्यावर अंबिकाने हिनाबेनचा हात धरला. आधी हळू, मग जोरात, आणि शेवटी सगळं अंग टाकून तो कडीवरून ओढून काढला. हिनाबेन रडत स्वयंपाकघरात पळाली आणि तिने ते दार आतून लावून घेतलं.

अंबिकाने कड्या काढल्या. मधली निघता निघेना. दार उघडलं तशी दाराला टेकलेली हौसाबाई आत कलंडली. खांद्यापासून दंडापर्यंत पोलकं फाटलं होतं आणि आतलं मांस दिसत होतं. पाटी जिन्याच्या तोंडाशी उपडी पडलेली, मांदेली सगळीकडे पसरलेली. अंबिकाने तिला काखेत हात घालून ओढलं. हौसाबाई अंगाने भरलेली, हलेचना. अंबिकाने वर बघायचं नाही असं ठरवलं होतं. तरी नजर गेलीच.

वरच्या वळणावर, पायऱ्यांवर तो बसला होता. तोंड उघडं, धापा टाकत. खाली, तिच्याकडेच बघत होता.

साडीत उबदार काहीतरी झालं, ते तिला नंतर कळलं. तिने डोळे मिटले आणि हौसाबाईच्या पदराला, केसांना, जे हाताला लागेल त्याला धरून मागे मागे ओढत राहिली. पाय आत आले तसं तिने दार ढकललं, आणि कड्या लावायचंही भान न राहून नुसती पाठ लावून बसली. पलीकडे काहीतरी खाली उतरलं. दाराच्या त्या बाजूला, तिच्या पाठीपासून वीतभर अंतरावर, हुंगल्याचा आवाज आला. मग पाटी फरशीवर घासत गेली आणि मासळी कचाकचा चावल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

स्वयंपाकघराचं दार किलकिलं झालं. हिनाबेन बाहेर आली. अंबिकाकडे न बघता ती हौसाबाईपाशी बसली, ओढणीची घडी घातली आणि जखमेवर दोन्ही हातांनी दाबून धरली. तोंडाने ती देवाचं नाव घेत होती. हौसाबाईचा श्वास चालू होता.

वनखात्याची माणसं दुपारी आली. त्यांनी गच्चीच्या जिन्यात बिबट्याला भुलीचं इंजेक्शन मारलं आणि पिंजऱ्यात घालून नेलं. हौसाबाईला टाके पडले, ती वाचली. सोसायटीच्या ग्रुपवर अंबिकाच्या नावाने हार-फुलांची चित्रं आली. जितेंद्र दुकानावर येणाऱ्या-जाणाऱ्याला बायकोचं शौर्य सांगायला लागला.

सान्वीने फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि ती रडतच भडकली. "वेडी आहेस का तू? दार का उघडलंस? तुला काही झालं असतं तर?"

"तूच तर ओरडायचीस, उघड म्हणून."

"तो गेम होता, आई!"

यंत्राचं तिने पुढे काही केलं नाही. ते टीव्हीखालीच राहिलं, आणि महिनाभराने ती पुन्हा खेळायलाही लागली. रात्री मात्र तिला झोप लागेना. दाराशी जरा खुट्ट झालं की ती उठून बसायची. हिनाबेनशी आता बोलणं सुरू झालं होतं, भाजीच्या वाटीची देवाणघेवाणही व्हायची, पण त्या सकाळचा विषय दोघींपैकी कुणीच काढत नसे.

हौसाबाई बऱ्याच दिवसांनी परत आली. जिना चढायची तिची हिंमत उरली नव्हती, म्हणून गेटापाशी फळी टाकून बसायला लागली. अंबिका पिशवी घेऊन खाली गेली.

"खांदा कसा हाय?"

"वर जात न्हाय हात." हौसाबाईने पापलेट उलटून दाखवलं. मग म्हणाली, "तुजे उपकार हायेत गो. मना तं वाटला, तू घरान न्हायस. भायेर गेलीस आसशील आन् आवाज आयकून धावत आलीस."

अंबिकाने नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. रस्त्यावरून रिक्षा गेली, तिचा आवाज पुरता विरेपर्यंत ती थांबली.

"घरातच होते," ती म्हणाली. "पहिल्यापासून. दाराच्या मागे उभी होते. भ्याले मी."

हौसाबाईचा हात मासळीवर थांबला. तिने अंबिकाकडे बघितलं, बराच वेळ बघितलं. गिऱ्हाईक आलं, भाव विचारून गेलं, तिने उत्तर दिलं नाही.

"मी हाका मारीत व्हते तवा?"

"हो."

पाटीवरचं ओलं फडकं हौसाबाईने झटकलं, पुन्हा पसरलं. मग चांगल्या हाताने फळी थोडी सरकवली आणि शेजारी जागा केली. अंबिका तिथे बसली. तिला एकटीने जिना चढून वर जायचं नव्हतं, आणि हौसाबाईने तिला जा असं म्हटलं नाही.