डॉक्टर म्हणाले, तुमची इच्छा

कोरोनाच्या लसीचं आमच्या संस्थेचं पत्रक मीच लिहिलं होतं. शेवटची ओळ घाईत टाकली: 'जुना आजार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारावं.' वाटलं, झालं काम. खरं तर मला कळायला हवं होतं. बाविसाव्या वर्षापासून मला संधिवात आहे, आणि सांध्यांची सूज दाबायला आठवड्यातून एकदा जी गोळी घेते, ती अंगाची प्रतिकारशक्तीही दाबते.

गेले विचारायला. केंद्रावरची नर्स म्हणाली, चिठ्ठी आणा. सांध्यांचे डॉक्टर म्हणाले, "घ्या, नका घेऊ. तुमची इच्छा." भिंतभर पदव्या लावायच्या आणि निर्णय पेशंटच्या गळ्यात मारायचा! त्यात जुळे सोलापूर भागात राहणाऱ्या माझ्या काकूंनी सांगितलं, त्यांच्या शेजारणीचे गुडघे लसीनंच सुजले. मी घाबरले. दीड महिना लस घेतली नाही, आणि पत्रकं मात्र वाटत राहिले.

बिडी कारखान्याच्या शाखेत बायका वळलेल्या बिड्या जमा करायला रांगेत उभ्या असतात. आम्ही तिथंच पत्रक वाचायचो. रांग सोडून कुणी जात नाही ना. एकदा आईच्या वयाच्या एका बाईनं मला मधेच थांबवलं.

"तू घेतलीस का, ते सांग की आधी."

मी हो म्हणाले.

"मग माझं बी नाव लिही. मलाबी सांधेवाताच्या गोळ्या चालू हायत."

मी नाव लिहिलं. लाज वाटली, आणि लाजेपेक्षा राग जास्त आला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांसमोर बसले. विचारलं, या गोळीवर असताना कोरोना झाला तर? म्हणाले, जड जाऊ शकतो. आणि लसीनं? ताप येईल, काही दिवस सांधे दुखतील. मग हेच लिहून द्या, म्हटलं. ते म्हणाले, लिहिलं की जबाबदारी येते.

"माझ्यावर टाकताना बरी नाही आठवली जबाबदारी."

मी उठले नाही. बाहेरचे पेशंट दार वाजवायला लागले, तेव्हा त्यांनी चार शब्द खरडले: लस देण्यास हरकत नाही. लसीनंतर गोळी कधी घ्यायची, तेही लिहून घेतलं.

दुपारी लस घेतली. तीन दिवस मनगटं सुजली होती. वेणी आईनं घातली. चौथ्या दिवशी त्या बाईच्या घरी जाऊन खोटं बोलल्याचं आणि डॉक्टरांकडून कसं लिहून घेतलं ते सांगितलं. तिनं बिडी वळायची थांबवली.

"बोललीस ते बोललीस. आता माझ्यासंगट चल त्या डॉक्टरकडं."

आमचा नंबर तेविसावा होता. बसलो.