खिडकीतला समुद्र

लग्नानंतर तीसेक वर्षं बायको माझ्याकडे एकच गोष्ट मागत होती, एकदा समुद्र दाखवा. मी गडचिरोलीला एका कार्यालयात कारकून. कधी मार्च एंडिंग आडवा यायचा, कधी निवडणुकीचं काम. "समुद्र काय पळून जाऊन राह्यला?" असं म्हणून मी तिला गप्प करायचो. मी रिटायर झालो आणि त्याच वर्षी तिला लकवा मारला. डावं अंग गेलं.

मग ब्रह्मपुरीकडच्या तिच्या माहेरगावी टेकडीवर घर भाड्यानं घेतलं. निवांत मोहल्ला. दारं दिवसभर उघडी, शेजारी चहाचा कप हातात घेऊनच घरात येणार, घाई कोणालाच नाही. खाली मोठा तलाव. श्रावणात तो असा भरला की झडीत पलीकडचा काठ दिसेना. मी तिची खाट खिडकीशी लावली आणि मोठ्या ऐटीत म्हणालो, "घे, तुझा समुद्र."

"दिसला बापा एकदाचा," म्हणून ती हसली.

मासे धरणाऱ्या ढिवराची लेक ती, त्याच तलावात पोहत मोठी झालेली. तिला मी तलाव दाखवून समुद्र म्हणायचं! पण ती हसली, तेवढ्यावर माझ्या मनावरचं ओझं उतरलं. लाज वाटायला हवी होती, वाटली नाही.

धान भरायला आला तसं तलावाचं पाणी शेतात सुटू लागलं. काठ रोज थोडा आत सरकायचा. मी चिडचिड करायचो, एकदा तर खाली जाऊन पाणी सोडणाऱ्याशी उगाच भांडून आलो. वाटायचं, उघडा चिखल बघून ही खचेल.

झालं उलटंच. फाल्गुनात डबकी उरली, बायका टोपल्या घेऊन मासे धरायला उतरल्या आणि ही खाटेवर बसती झाली. कोणाचा हात कुठं चुकतोय ते जड जिभेनं मला सांगायची. एका सकाळी म्हणाली, "मले खाली घेऊन चाला ना. चिखलात पाय टाकाचे आहेत."

"ताप आला म्हणजे?"

"येऊ द्या."

"अन् कसा नेऊ तुले? खाट उचलाले चार माणसं लागतात. कोणाकोणाच्या हातापाया पडू?"

खरं तर मला लोकांची लाज वाटत होती. बायकोला खाटेवर घालून मासे धरायला नेतो म्हणून हसतील. एवढंच कारण होतं.

चैत्रात ती गेली. तलावाच्या पाळीवरूनच तिला खाली नेलं, मसणाची वाट तीच आहे. उचलायला अख्खा मोहल्ला धावून आला. मला कोणाला सांगावंसुद्धा लागलं नाही.