कुत्रा बांधलाय?

नार्व्याला पोचलो तेव्हा अंगण माणसांनी भरलेलं. आणि मी फाटकाशी थांबून, नेहमीच्या सवयीनं मोठ्यानं ओरडलो, "बाबलदादा, कुत्रा बांधलाय?" रडणंसुद्धा क्षणभर थांबलं. बायकोनं माझ्याकडे पाहिलं... ज्याला हाक मारली तो तिचाच भाऊ गेला होता.

एरवी आतून उत्तर यायचं, "कुत्रा माझाच कशावरून?" वकिली अंगात मुरण्याआधीपासूनचं हे उत्तर. तेव्हा दादा पाळी गावच्या खाणीवरून नदीपर्यंत खनिजाचा ट्रक चालवायचे. पावसाळ्यात त्याच खाणीचा लाल गाळ वाहत येऊन त्यांच्या शेतात बसायचा. दादांनी खाणीवर केस घातली होती, पण वकील तारखांवर तारखा घेत. दादांना ते सोसेना. ट्रकच्या केबिनमध्ये पुस्तकं वाचून ते बी.ए. झाले, आणि गोवा राज्य झालं त्या सुमारास, चाळिशी उलटल्यावर म्हणाले, "आपली केस आपणच लढवणार. लॉ कॉलेजात जातो."

वहिनीनं हट्टानं देवाचा कौल घ्यायला प्रसाद लावला. मूर्तीला चिकटवलेली पाकळी डावीकडून पडली. म्हणजे नकार. दादा उसळले.

"भटानूं, देवाक नेमकें कितें विचारलें?"

"जाऊं काय म्हणून."

"खंय जाऊं? ट्रकार? प्रश्नच मोघम! परत घाला गाऱ्हाणं, मी सांगतो तसं."

दुसऱ्यांदा पाकळी पडेचना. ऊन चढलं, भटजींना भूक लागली, मला तर त्यांच्याआधीच लागली होती. दादा देवळात येरझारा घालत होते. शेवटी म्हणाले, "देवानं निकाल राखून ठेवलाय. तोवर मनाई नाही. स्कूटर काढ!"

पणजीला मुलाखतीत विचारलं, "या वयात कशाला?" मी दाराबाहेरून ऐकत होतो. दादा म्हणाले, "साहेब, माती वाहून नेणारा मी, आणि ती ज्याच्या शेतात येते तोही मीच. दोघांच्या बाजूनं बोलणारा कोण आहे?"

प्रवेश मिळाला. सनदही मिळाली. शेताची केस मात्र अजून चालूच आहे. गेल्या महिन्यात भेटले तेव्हाही बसून बोलले नाहीत, फेऱ्या मारत पुढच्या तारखेचे मुद्दे सांगत राहिले.

बाराव्याला गेलो तेव्हा काळा कोट खिळ्यावरच होता आणि त्याखाली कुत्रा. माझ्यावर भुंकलासुद्धा नाही. परतताना मी त्या हाकेबद्दल चाचरत काहीतरी बोललो. बायको म्हणाली, "बरं केलंत. सगळे नुसते रडत होते... दादाला उत्तर देता येईल असं कुणी काही विचारलंच नव्हतं."