पाइपाचं नाक

आमच्या भाऊजींना, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, सगळी वस्ती नाकवाले म्हणते. चेहऱ्यावरचं नाक बेताचंच आहे; नाव पडलं ते कामावरून. तीस वर्षं त्यांनी लोकांच्या घरांत नळ आणि सांडपाण्याचे पाइप बसवले, आणि वर हवेचं तोंड, त्यांच्या भाषेत नाक, न ठेवता एकही पाइप सोडला नाही. उतरत्या पाण्याला वरून हवा मिळाली नाही तर ते गचके खातं, अडतं आणि मोरीत उलटं वर येतं, हे त्यांना वडिलांनी शिकवलं होतं. वडीलही नळकामवालेच. ते भाऊजींचं नाक दोन बोटांच्या चिमटीत धरत आणि म्हणत, आता पाणी गीळ. भाऊजींना ठसका लागला की त्या दिवसाची शिकवणी संपली.

या शिकवणीला भाऊजी आयुष्यभर जागले. घरात जे जे झाकण दिसेल त्याला त्यांनी भोक पाडलं. पाण्याच्या बाटलीला पाडलं, म्हणून त्यांची पिशवी बारा महिने ओली. तेलाच्या डब्याला पाडलं, तेव्हा धार सुरेख पडायला लागली आणि मुंग्यांचीही सोय झाली. शेक घ्यायच्या रबरी पिशवीकडे वळले, त्या दिवशी ताईनं ड्रिल उचलून कुलपात ठेवलं.

पुढे गुडघे बोलायला लागले तसं त्यांनी काम कमी केलं आणि बाहेरच्या खोलीत समुद्र आणून ठेवला. तीन हात लांब काचेची टाकी, तिच्यात खारं पाणी, आणि पाण्यात जिवंत प्रवाळ. दिसायला ते दगडच. पण वरचा निळा दिवा लागला की एकेकाला बोटं फुटत, आणि ती बोटं अशी हळूहळू हलत, जशी गाढ झोपेतल्या माणसाची हलतात. त्यांच्यामधून नारिंगी अंगावर पांढरे पट्टे ओढलेले दोन मासे फिरत. मोठी ती मादी आणि धाकटा तो नर. भाऊजी त्यांना बाईसाहेब आणि जावईबापू म्हणत. ही गोष्ट घडली त्या आठवड्यात मी तिथं मुक्कामाला होतो. टाकीसमोर खुर्ची टाकून बसलं की वेळ कुठे जाई ते कळत नसे.

पण ती टाकी आवाज करायची.

तिची रचना सांगतो. टाकीच्या एका कोपऱ्यात काचेची आडभिंत होती, वरच्या कडेला कंगव्यासारखे दाते असलेली. दात्यांमधून पाणी त्या कोपऱ्यात सांडे, तिथून पाइपातून खालच्या कपाटातल्या दुसऱ्या टाकीत उतरे, तिथं स्वच्छ होई आणि पंप ते पुन्हा वर चढवी. पाणी उतरताना बरोबर हवाही ओढून नेई, आणि मग जो आवाज होई तो घरातल्या एकाच खोलीतून यायला हवा होता. बैठकीची ती खोली नव्हे.

आणि त्याच खोलीत ताईची नोकरी होती. कपडे धुण्याच्या मशीनच्या तक्रारी ती घरी बसून फोनवर ऐकायची. घर दोन खोल्यांचं, फोनची तार बाहेरच्याच खोलीपर्यंत पोचणारी. एका गिऱ्हाइकानं तिला आधी स्वतःचं मशीन दुरुस्त करून घ्यायला सांगितलं. एक वयस्कर गृहस्थ फारच सभ्य निघाले. ते म्हणाले, तुमचं आटोपू द्या, मी थांबतो.

ही गोष्ट तिच्या साहेबांच्या कानी गेली. साहेबांनी कळवलं की सोमवारी दुपारी बारा वाजता मी तुमच्या फोनला जोडून ऐकणार. पाण्याचा आवाज आला तर मंगळवारपासून ऑफिसात येऊन बसायचं. ऑफिस म्हणजे दोन बस बदलून दीड तास जाणं आणि तेवढंच येणं. ताईनं माशांच्या दुकानदाराशी टाकी परत घेण्याचं बोलून ठेवलं आणि मग शुक्रवारी जेवताना भाऊजींना सांगितलं, "मंगळवारी या घरातून कुणीतरी बाहेर पडणार. मी काही पडणार नाही."

भाऊजींनी घास ठेवून टाकीकडे पाहिलं.

शनिवारी त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर नकाशा काढला. आता दोन पाइप ठेवायचे. एक रोजच्या कामाचा, त्याला खाली कपाटात चावी, म्हणजे पाण्याची ओढ हवी तेवढी आवळता येईल. दुसरा त्याच्यापेक्षा चार बोटं उंच, पहिला तुंबलाच तर जमीन वाचवायला. वीज गेली तर वरचं किती पाणी खाली उतरेल, हे त्यांनी पंप बंद करून बादलीनं मोजलं आणि खालच्या टाकीवर खडूनं रेघ मारली. या रेघेच्या वर पाणी भरायचं नाही. रविवारी पाइप कापले, चिकटवले, सुकवले. काम असं देखणं की पाइपावरून हात फिरवावा. मी तसं म्हणालो तेव्हा त्यांनी मान डोलावली आणि पहिल्या पाइपाचं पाणी ओढायचं तोंड बाजूला काढून त्याच्या डोक्यावर, पाण्याच्या वर येईल असं, वीतभर उंच नाक बसवलं.

संध्याकाळी पंप सुरू केला. आवाज कमी झाला, हे खरं. पण पूर्वी गडगडणारी टाकी आता चहा भुरकायला लागली. भाऊजींनी चावी इकडे फिरवली, तिकडे फिरवली. टाकी भुरकतच राहिली. झोपायच्या आधी त्यांनी ते नाक आणखी दोन बोटं उंच केलं.

सोमवारी नऊला ताई कानाला हेडफोन लावून बसली. कामाच्या वेळात ती घरच्यांशी बोलत नाही, कारण सगळं बोलणं तिथं नोंदलं जातं. साडेदहापर्यंत भाऊजींनी कळ काढली. मग स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी मोबाइलवरून तक्रारीचा नंबर फिरवला. तीन वेळा भलत्याच बाईनं उचलला. तीनदा त्यांनी मुकाट्यानं ठेवून दिला. चौथ्या खेपेला बाहेरच्या खोलीतली घंटा वाजली.

मी दारात उभा होतो. एक कान आत, एक बाहेर. ताईनं परक्या गोड आवाजात नमस्कार केला आणि काय सेवा करू म्हणून विचारलं. भाऊजी म्हणाले, पाणी उतरताना भुरकतं. मशीन किती जुनं, असं तिनं विचारलं. कालचं, ते म्हणाले. तिनं क्षणभर डोळे मिटले. पण गळ्यातली साखर तसूभर ढळू दिली नाही.

"सर, तुमची नळी हवा खातेय. तिचं हवेचं तोंड बंद करा, आणि पाणी ओढायचं तोंड पूर्ण पाण्याखाली राहील तोवर खालून आवळा."

"बंद केलं तर तिचा जीव गुदमरेल, बाई."

"ती नळी आहे, सर. तिला जीव नाही. मला आहे."

मग तिनं रिवाजाप्रमाणे सेवेला एक ते पाच गुण द्यायला सांगितलं. भाऊजींनी तीन दिले.

पण बाहेर येऊन ते स्टुलावर चढले आणि पाइपाच्या नाकावर अंगठा ठेवला. मला खालची चावी थोडी थोडी आवळायला लावली. कोपऱ्यातलं पाणी हळूहळू चढलं, त्यानं पाइपाचं तोंड गिळलं, पाइप काठोकाठ पाण्यानं भरला, आणि आवाज थांबला. इतका थांबला की ताईच्या बोटातली पेन्सिल ऐकू आली. दुसऱ्या पाइपातून तेवढी जास्तीच्या पाण्याची, काच पुसल्यासारखी बारीक धार उतरत होती.

मी बुचाची डबी पुढे केली. भाऊजींनी मान हलवली. वडिलांच्या नियमाला बूच मारायला त्यांचा हात उचलेना. अंगठ्याचं काय, तो केव्हाही काढता येतो.

बारा वाजले. साहेब जोडले गेले. भाऊजी स्टुलावर, अंगठा पाइपावर, तोंड गच्च मिटलेलं. वीस मिनिटांनी त्यांची पाठ खाजायला लागली. खुणेनं त्यांनी मला जागा सांगितली आणि मी पट्टीनं खाजवली. जरा डावीकडे, असं त्यांनी भुवईनं सांगितलं. अर्ध्या तासानं पाय लटपटू लागले, तेव्हा मी त्यांचे गुडघे मिठीत धरले. बाईसाहेब आणि जावईबापू काचेशी येऊन आमच्याकडे बघत राहिले.

पाऊण तासानं ताईनं हेडफोन काढला. साहेब खूश होते, ती म्हणाली. घरातूनच काम करा म्हणाले. फक्त आता ते रोज बाराला ऐकणार.

रोज, हा शब्द भाऊजींनी दोनदा मनाशी फिरवून पाहिला असावा. त्यांनी आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. तो पांढरा पडून त्याला पाइपाच्या तोंडाएवढा गोल वळ उठला होता. मग ते ताईच्या पाठीकडे पाहत राहिले. ती तोवर पुढच्या गिऱ्हाइकाला नमस्कार करत होती.

"बूच दे," ते मला म्हणाले.

त्यांनी ते स्वतःच्या हातानं चिकटवलं, बोटानं कडा पुसली, आणि आपलीच चूक झाल्यासारखे कितीतरी वेळ पाइपाच्या समोर बसले. टाकीतून आवाजाचा कण येत नव्हता. प्रवाळांची बोटं हलत होती. शेवटी भाऊजींना राहवेना. ते उठले आणि रस्त्याकडची खिडकी उघडली. पाइपाला नाही, तर निदान खोलीला तरी नाक.

खाली भंगारवाला ओरडत चालला होता. ताईनं गिऱ्हाइकाला एक मिनिट थांबायला सांगितलं आणि उठून खिडकी लावून घेतली.